आजोबांच्या डब्यात किती लाख?

दोस्तांनो, गेल्या महिन्याभरात तुमच्या पत्रांचा जो गठ्ठा जमला, त्यात सात पत्रं एकाच विषयावरची निघाली. क्रिकेट नाही, परीक्षेची भीती नाही, कुत्र्याचं पिल्लू पाळू का हेही नाही! विषय आहे घरात सापडलेली जुनी नाणी. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या आजीच्या फडताळात, तर कुणाच्या देवघरातल्या तांब्यात. आणि सातही पत्रांच्या शेवटी प्रश्न एकच, "याचे किती येतील हो?"

त्यातल्या एका पत्रानं मात्र माझी झोप उडवली. लिहिणारा आठवीत आहे. नाव-गाव मुद्दाम सांगत नाही. त्याचे आजोबा या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला आणि डब्यात दीडशेभर नाणी. काकांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. त्यात वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याचे म्हणे दहा लाख मिळतात, आणि ते नाणं तर डब्यात होतं! दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस मोठा गोडबोल्या. त्यानं फोटो मागवले आणि दहा मिनिटांत सांगितलं, "तुमच्या डब्याचे अठरा लाख होतात." फक्त आधी नोंदणीचे २,१०० रुपये पाठवायचे. घरावर ट्रॅक्टरचं कर्ज आहे. बाबा पैसे पाठवायला तयार झालेत. "पाठवायचे ना?" असं त्यानं विचारलंय.

नाही! एक रुपयासुद्धा पाठवायचा नाही. (अंक छापून तुमच्या हातात येईपर्यंत वेळ जातो, म्हणून त्याला हे मी आधीच फोनवर कळवलंय.)

ही युक्ती कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण उद्या तुमच्याही घरी तो फोन येऊ शकतो. पहिल्यांदा नोंदणी. ते पैसे गेले की "तुमचा चेक तयार आहे, फक्त जीएसटी भरा." तोही भरला की कुरिअरचा विमा. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं, तिचा शिक्का असलेलं एक पत्र येतं, की परवान्याची फी बाकी आहे. असं करत करत वीस-तीस हजार जातात आणि एके दिवशी तो नंबर बंद होतो. हे प्रकार इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा काहीही संबंध नाही, आम्ही कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही आणि तसं करायचा अधिकारही कुणाला दिलेला नाही. साधी गोष्ट आहे बघा. ज्याला वस्तू घ्यायची असते तो पैसे देतो. मंडईत कधी गिऱ्हाइकानं भाजीवालीकडे नोंदणी-फी मागितल्याचं ऐकलंय?

आणि ते वैष्णोदेवीचं नाणं? ते २०१२ सालचं. पाच रुपयांचंही आहे आणि दहाचंही. टांकसाळीनं ते भरपूर पाडलं, म्हणून तर ते तुमच्या-आमच्या गल्ल्यात सापडतं. दहाच्या नाण्याचे दुकानात दहा रुपयेच मिळतात.

आता काही जणांचा चेहरा पडला असेल. म्हणजे डबा कवडीमोलाचा? छे छे, तसंही नाही. पण डब्यात काय आहे ते पाहायला आधी डोळे हवेत. चला, उघडू या.

पहिली समजूत काढून टाकायची ती ही, की जुनं म्हणजे महाग. नाण्याची किंमत त्याच्या वयावर ठरत नाही. ती ठरते तीन गोष्टींवर. तशी किती नाणी शिल्लक आहेत, ती हवी असलेली माणसं किती आहेत आणि नाण्याची तब्येत कशी आहे. शिवराईचंच उदाहरण घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं असलेला हा तांब्याचा पैसा. शिवाजीमहाराजांनी तो सुरू केला, पण पुढे पेशवाई संपेपर्यंत अनेक टांकसाळींतून तो पडत राहिला आणि इंग्रजी अमलातही कितीतरी वर्षं बाजारात चालला. त्यामुळे शिवराया अमाप आहेत. झिजलेली, अक्षरं अर्धी कापली गेलेली शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते. पण त्याच महाराजांचा सोन्याचा होन? तो जगात इतका मोजका उरलाय, की तो एखाद्या घरच्या डब्यात निघाला असं कुणी म्हणालं तर आधी शंकाच घ्यावी.

भोकाचा पैसा तर तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी असेल. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, म्हणून १९४३ पासून मधोमध भोक असलेला हा पैसा निघाला. दोऱ्यात ओवून कमरेला बांधायला सोपा! जुनी माणसं सांगतात, की लोक तो चक्क नट-बोल्टाचा वॉशर म्हणून वापरायचे. दिसायला मोठा गमतीचा, पण निघालाही कोट्यवधींनी. आज त्याचे पैसे येतात ते एका वडापावाइतके. तसाच कमळाचं चित्र असलेला पिवळाधमक वीस पैसा, १९६८ ते १९७१ मधला. त्यात सोनं असल्याची आवई तुमच्या आजी-आजोबांच्या तरुणपणी उठली होती. ती अजून विझलेली नाही. सोनं-बिनं काही नाही, पितळेच्या जातीचा धातू आहे तो.

डब्यातला खरा वजनदार भाग म्हणजे चांदीचे रुपये. राणीछाप म्हणजे व्हिक्टोरियाचे, मग उघड्या डोक्याच्या सातव्या एडवर्डचे, मग मुकुटवाल्या पाचव्या जॉर्जचे. इथं जरा वही-पेन्सिल घ्या, कारण पुढचं गणित तुम्हांला घरात भाव मिळवून देणारं आहे!

हा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा. हे वजन म्हणजेच जुना एक तोळा. पूर्वी तराजूच्या पारड्यात रुपया टाकून तोळाभर वस्तू मोजायचे. त्यात बाराला अकरा भाग शुद्ध चांदी आणि उरलेला एक भाग इतर धातू. म्हणजे ११.६६ ला ११ ने गुणा, १२ ने भागा. उत्तर येतं १०.६९ ग्रॅम. एका रुपयात एवढी शुद्ध चांदी. आजच्या वर्तमानपत्रात चांदीचा किलोचा भाव असतो, त्याला हजारानं भागलं की ग्रॅमचा भाव. त्याला १०.६९ नं गुणलं की रुपयातल्या चांदीची किंमत हातात आली. सोनार त्यातून आटणावळीचं थोडं कापून घेणार, ते रास्तच आहे.

पण एक मेख आहे हं. आज सराफबाजारात 'तोळा' म्हणतात तो दहा ग्रॅमचा. जुना तोळा ११.६६ चा. "एक रुपया म्हणजे एक तोळा, हे घ्या तोळ्याचे पैसे" असं म्हणून कुणी त्यावर आणखी घटही कापू लागला, तर नम्रपणे म्हणा, "काका, काट्यावर टाकून ग्रॅममध्ये सांगा ना." शंभर रुपये असतील तर हा फरक लहान राहत नाही.

सहाव्या जॉर्जच्या रुपयाशी मात्र जपून. १९४० ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, पण आत चांदी ५.८३ ग्रॅमच. आणि १९४७ चा रुपया, ज्याच्यावर ऐटीत चालणारा वाघ आहे, तो तर निकेलचा. दिसतो पांढराशुभ्र, पण लोहचुंबक जवळ न्या, टपकन चिकटतो. चांदी चिकटत नाही. एका डब्यातले 'पांढरे रुपये' सगळे एका भावाचे नसतात ते यामुळे.

आता तुमच्या डब्यात १९१८ सालचा रुपया आहे का पाहा. असण्याची शक्यता भरपूर, कारण तो पाडलाच होता प्रचंड. बाजारात त्याला चांदीच्या भावापेक्षा फारसं जास्त कुणी देत नाही. पण तो हातात घ्या आणि पुढची गोष्ट ऐका.

पहिलं महायुद्ध चालू होतं. इंग्रज सरकार हिंदुस्थानातून धान्य, ताग, कापड असं काय काय विकत घेत होतं, सैनिकांचे पगार भागवत होतं आणि सगळ्यांना हवे होते खणखणीत चांदीचे रुपये. कागदावर लोकांचा विश्वास नव्हता. ज्याच्या हाती रुपया पडे तो त्याला गाडग्यात घालून पुरून टाकी. सरकारनं नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची पहिली नोट काढली आणि लगेच १९१८ च्या सुरुवातीला अडीच रुपयांचीही. लोकांनी त्या घेतल्या खऱ्या, पण घेतल्या घेतल्या वटवायला खजिन्यावर रांगा लावल्या! तिजोरीतली चांदी आटत चालली. रुपये देता आले नाहीत तर नोटेवरचा विश्वास उडणार आणि युद्धाच्या ऐन भरात हिंदुस्थानात गोंधळ माजणार. मग इंग्रजांनी हात पसरले ते अमेरिकेपुढे. अमेरिकेच्या संसदेनं १९१८ मध्ये पिटमन कायदा केला, तिजोरीत पडून असलेले चांदीचे डॉलर बाहेर काढले आणि वितळवले. थोडेथोडके नाहीत, पंचवीस कोटींहून जास्त डॉलर इंग्रजांना विकण्यासाठी आटवले गेले! ती चांदी समुद्र ओलांडून इथं आली आणि तिचे रुपये पडले.

म्हणजे आजीनं लक्ष्मीपूजनाला मांडलेल्या त्या काळच्या रुपयात एखाद्या अमेरिकन डॉलरची चांदी असेल, काय सांगावं! सोनाराच्या काट्यावर हे कुठं दिसतं?

काही रुपयांना चांदीपेक्षा बरेच जास्त पैसे येतात, तेही सांगतो. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया भिंगाखाली धरा. राजाच्या अंगरख्यावर, छातीपाशी हत्तीचं चित्र आहे. पण कोरणाऱ्यानं सोंड आणि पाय एवढे आखूड केले, की लोकांना तो हत्ती डुकरासारखा दिसला. झालं! गहजब उडाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडून तयार होते, त्यातले सातेक लाख बाहेर गेलेले. सरकारनं बाकीचे आटवून टाकले आणि १९१२ पासून हत्तीला चांगली लांब सोंड दिली. हा 'डुकराचा रुपया' संग्राहकांना हवाहवासा वाटतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया त्याहूनही दुर्मीळ, पण म्हणूनच त्याचे खोटे नमुने बाजारात खूप. ज्या नाण्याला भाव, त्याचीच नक्कल होणार, नाही का?

उलट काही साली फसवी असतात. १८६२ सालचा राणीछाप रुपया मिळाला की माणूस खूश होतो. पण १८६२ हेच साल पुढची दहा-अकरा वर्षं टांकसाळ रुपयावर छापत राहिली! १८७४ साली कुठं ते बदललं. मधल्या काळातले रुपये ओळखायला जाणकार त्यावरचे बारीक ठिपके मोजत बसतात. तुम्हीही मोजा, पावसाळी दुपारी छान वेळ जातो. आणि डोळ्यांना सवय लावायची असेल तर आजच खिशातली नाणी काढा. सालाखाली छोटी चांदणी असेल तर ते हैदराबादच्या टांकसाळीचं, चौकट असेल तर मुंबईचं, गोल ठिपका असेल तर नॉयडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं.

खोट्या नाण्यांत एक प्रकार तर इतका पसरलाय, की सातपैकी तीन पत्रांत तोच आहे. 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहिलेलं जाडजूड तांब्याचं नाणं, त्यावर राम-सीता किंवा द्रोणागिरी उचललेला मारुती. दोस्तांनो, कंपनी होती व्यापाऱ्यांची. असं राम-सीतेचं किंवा मारुतीचं नाणं तिनं चलनात कधीच आणलं नाही. हे जत्रेत विकायला अलीकडच्या काळात केलेले बिल्ले आहेत. देवघरात ठेवायला काही हरकत नाही, पण त्याला लाखांचं गिऱ्हाईक आहे म्हणणारा एक तर भोळा, नाही तर लबाड. याच जातीतली पुढची पायरी म्हणजे 'तांदूळ ओढणारं नाणं'. त्यात म्हणे दैवी शक्ती असते आणि परदेशी शास्त्रज्ञ ते कोटींना घेतात. या थापेपायी शिकली-सवरलेली माणसं जमिनी विकून बसली आहेत आणि पोलिसांत गुन्हे नोंदले गेले आहेत. घरात कुणी हा विषय काढला तर हा अंक त्यांच्यापुढे ठेवा.

बरं, आता नाण्याची तब्येत. इथं मला आज्यांशी थोडं भांडायचंय. दिवाळी आली की रुपये निघतात आणि चिंच, रांगोळी, राख, नाही तर टूथपेस्ट लावून घासले जातात. चकाचक! पण दरवेळी राणीचे केस, मुकुटाची नक्षी, सालाची धार थोडी थोडी झिजते. जाणकार काळपट पडलेलं, पण न घासलेलं नाणं जास्त पैसे देऊन घेतो आणि घासलेलं बाजूला सारतो. तसंच गळ्यातल्या माळेसाठी नाकं जोडलेला रुपया. त्याचा भाव उतरून चांदीच्या वजनावर येतो. पण ती माळ पणजीच्या लग्नातली असेल, तर नाकं काढायचा विचारही करू नका. ती माळ म्हणूनच राहू दे.

धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ फडक्यावर टिपून घ्या, पुसू नका. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये नाणी ठेवली की वर्षा-दोन वर्षांत हिरवट चिकट थर चढतो. त्यापेक्षा साध्या कागदाची छोटी पाकिटं बरी.

पाकिटांवरून एक घर आठवलं. सोलापूरकडचं, आमच्या चांगल्या ओळखीतलं. त्या घरातले आजोबा एस. टी. त कंडक्टर होते, ते अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून. कंडक्टरच्या चामडी पिशवीत काय काय येऊन पडे त्या काळी! सोलापूरहून तुळजापूरला जायचं म्हणजे हैदराबाद संस्थानचा मुलूख. तिकडचा पैसा वेगळा, 'हाली सिक्का', त्यावर चारमिनार. सात हाली रुपये म्हणजे आपले सहा. मग १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस हे सोपं, पण एका आण्याचे सव्वासहा! तो पाव पैसा कुणाचा, उतारूचा की कंडक्टरचा? या पाव पैशावरून बसमध्ये रोज रामायण. पिशवीत काही वेगळं आलं की आजोबा स्वतःच्या खिशातून तेवढे पैसे भरायचे आणि ते नाणं वापरलेल्या कागदाच्या कपट्यात गुंडाळून घरी आणायचे. कपट्यावर बारीक अक्षरांत दोन ओळी. 'तुळजापूर, १९५४. म्हाताऱ्यानं दिलं, दुसरं नव्हतं.' 'एप्रिल १९५७. पहिला नवा पैसा. आजची भांडणं: चार.' 'सावंतवाडी, १९६२. पणजीच्या बाईंनी दिलं, आता तिकडं चालत नाही म्हणाल्या.' गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, हे तुम्ही इतिहासात शिकलात ना? तो इतिहास असा बसच्या तिकिटाबरोबर त्यांच्या हातात आला होता.

आजोबा गेल्यावर दोन मुलगे आणि एक मुलगी वाटणीला बसली. डबा उपडा केला. चांदीचे किती ते मोजायचं होतं, म्हणून कपटे फटाफट सोडवून बाजूला टाकले आणि नाणी एका ताटात ओतली. व्यापाऱ्यानं पाहून जो आकडा सांगितला तो काही हजारांत होता, आणि त्यातलाही बहुतेक चांदीचा. सगळे हिरमुसले. चांदी तिघांत वाटली गेली. उरलेला चिल्लरचा ढीग कुणालाच नको होता.

त्यांची नववीतली नात केर भरायला गेली तेव्हा तिला केराच्या सुपलीत ते कपटे दिसले. तिनं एकेक वेचून काढला. एकतीस मिळाले. मग ती आजीला घेऊन बसली. आजीला वाचता येत नव्हतं, पण नाणं हातात आलं की ती सांगायची, "हे गोव्याकडचं, त्या साली हे तिकडं बदलीवर होते." अशी मोठ्या मुश्किलीनं एकोणीस नाणी आपापल्या कपट्यात परत गेली. बाकीची आता नुसती नाणी आहेत. बाजारात मिळतात तशी. कुणाच्या हातून आली, कुठल्या स्टँडवर आली, ते सांगणारं कुणी उरलं नाही.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही बरं का. नाणं कुठं आणि कशाबरोबर मिळालं, यावर अख्खा इतिहास उभा राहतो. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी नावाचं गाव आहे. तिथं १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी! सगळी क्षत्रप राजा नहपान याची. पण गंमत अशी, की त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याच राजाचा ठसा ठोकलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी, आपला सातवाहन. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, लिहवून ठेवलंय की माझ्या मुलानं क्षहरात घराण्याचा नायनाट केला. नहपान त्याच घराण्यातला. शिलालेखातली ती गोष्ट खरी होती आणि हरवलेल्या राजाच्या नाण्यांवर जिंकणाऱ्यानं आपला शिक्का मारून ती पुन्हा चालवली, हे या ढिगानं दाखवून दिलं. आता कल्पना करा. ज्याला तो ढीग सापडला त्यानं रातोरात दहा सोनारांकडे नेऊन तो आटवला असता तर? चांदी मिळाली असती, पण गौतमीपुत्राचा एवढा पक्का पुरावा गेला असता.

म्हणूनच शेतात, घराच्या पायात किंवा विहीर खणताना नाण्यांचं मडकं निघालं तर ते गुपचूप घरी न्यायचं नसतं. १८७८ सालचा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. घरात वारशानं आलेल्या डब्याची गोष्ट वेगळी, तो तुमचाच. मात्र शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय परदेशी पाठवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. फोनवरचा 'लंडनचा पार्टी' म्हणूनही खोटा!

तर डबा असलेल्यांनो, या रविवारी काय कराल? नाणी ओतू नका. ज्या क्रमानं, ज्या पुरचुंडीत आहेत तशीच एकेक बाहेर काढा. एक वही करा. नंबर, साल, धातू, वजन, आणि शेवटचा रकाना रुंद ठेवा. त्यात आजी-आजोबा, आत्या, चुलत आजोबा जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. हा रकाना आधी भरा. चांदीचा भाव पुढच्या महिन्यातही छापून येईल, आजीचं तसं नाही.

विकायचंच ठरलं, आणि कर्ज असेल तर विकण्यात लाज कसली, तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन निदान तीन ठिकाणी दाखवा. एक सोनार, दोन नाण्यांचे व्यापारी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नुसता फेरफटका मारला तरी कुठलं नाणं ढिगानं पडलेलं असतं ते कळतं, आणि तुमच्या डब्यातलं 'दुर्मीळ' नाणं तिथं पाटीभर दिसलं की डोकं आपोआप जागेवर येतं! खूप जुनी, वेड्यावाकड्या आकाराची, न वाचता येणारी नाणी असतील तर ती कुणाला देण्याआधी संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाण्यांच्या अभ्यासाची स्वतंत्र संस्थाच आहे.

आणि मला दाखवायची असतील तर? नाणं पाकिटात घालून पाठवू नका रे बाबांनो, मागे एकानं पाठवलं आणि पोहोचलं ते भोक पडलेलं पाकीट! नाण्यावर पातळ कागद ठेवा, शिसपेन्सिल आडवी धरा आणि अगदी हलक्या हातानं फिरवा. अक्षरं, मुकुट, साल, सगळं कागदावर उमटतं. दोन्ही बाजूंचे ठसे घ्या, खाली वजन लिहा आणि त्या रुंद रकान्यातला मजकूरही उतरवून पाठवा. 'हे काय आहे?' असं विचारायला ज्या ठशांनी मला सगळ्यात जास्त घाम फोडला, ते पुढच्या महिन्यात छापू या.